न विचारता काढलेलं रक्त

महानंदाला माणसं फारशी आवडत नसत, पण त्यांच्या शिरा तिला लगेच सापडत. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका तपासणी केंद्रात ती बावीस वर्षं रक्त काढायचं काम करत होती. सकाळी साडेसहापासून रांग लागे. म्हातारी, घाबरट, जाड हातांची, ज्यांची शीर दुसऱ्या कुणाला मिळत नसे अशी सगळी माणसं "त्या बारीक बाईंना बोलवा" म्हणून अडून बसत. ती आली की एवढंच म्हणायची, "स्वल्प नोवु आगुत्ते, अष्टे." थोडं दुखेल, बस. तोवर सुई आत गेलेली असायची. गोड बोलणं तिला जमत नव्हतं आणि त्याची गरजही तिला कधी वाटली नव्हती.

बारीक तर ती होतीच. चाळिशी ओलांडली तरी वजन अडतीस किलोच्या वर गेलं नव्हतं. तिचे वडील देवाप्पा निपाणीजवळच्या खेड्यातून बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले, तेव्हा महानंदा चार वर्षांची होती. गावी घरात ज्वारीची भाकरी असायची. इथं कारखान्याच्या वसाहतीत शेजारणी भाकरी थापणाऱ्या बाईला गावंढळ समजत, म्हणून आई चंद्राबाईनं दोन्ही वेळच्या चपात्या सुरू केल्या. त्याच वर्षी पोरीचं पोट फुगायला लागलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. चपातीचा आणि पोटाचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही.

आधी जंताची औषधं झाली. सतराव्या वर्षी एका डॉक्टरनं पोटाचा क्षय ठरवला. छातीचा फोटो स्वच्छ होता, थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी सहा महिने तिनं क्षयाच्या गोळ्या गिळल्या. त्यांनी फरक काही पडला नाही, पण ती गोष्ट नातेवाइकांत पसरली. पुढं जी तीन-चार स्थळं आली, त्या प्रत्येकानं चहा पुढं येताच विचारलं, "मुलीला पूर्वी टीबी होता ना?" एका घरच्यांनी तर कपाला हातही लावला नाही. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ अभिजीत दहावीत होता. महानंदानं नोकरी धरली आणि लग्नाचा विषय घरात बंद झाला.

तोंड सारखं यायचं. जिने चढताना धाप लागायची. रक्त कायम कमी. "बायकांचं असतंच कमी" असं म्हणून प्रत्येक डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून द्यायचा. केंद्रात सीलिॲकची, म्हणजे गव्हामुळं आतडं खराब होण्याच्या आजाराची तपासणी सुरू झाली, तेव्हा तिनं एका वयस्कर डॉक्टरला स्वतःहून विचारलंसुद्धा. तो हसला. "अहो, हा पंजाब-हरियाणाकडचा आजार. तुम्ही इकडची माणसं. तुम्हाला कशाला होईल?"

बेचाळिसाव्या वर्षी एका माणसाच्या दंडाला पट्टी बांधता बांधता ती खाली कोसळली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पोटविकारांचे डॉक्टर रघुपती बसत. त्यांनी तिची नखं, जीभ, दात पाहिले, जुने कागद चाळले आणि तिचं रक्त तिच्याच केंद्रात पाठवलं. रक्तातल्या अँटिबॉडींचा आपला आकडा तिनं स्वतः यंत्राच्या पडद्यावर वाचला. दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा शंका उरली नाही.

"गव्हात आणि बार्लीत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं," रघुपतींनी तिला समजावलं. "तुमच्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा त्याच्यावर चवताळते आणि त्यात आतड्याच्या आतली लव झडून जाते. मग कितीही खा, अंगी लागत नाही. गहू जन्मभर बंद. तांदूळ, ज्वारी, नाचणी खुशाल खा."

"पण मलाच का?"

"हे होण्यासाठी अंगात ठरावीक जनुकं असावी लागतात. डीक्यू-टू किंवा डीक्यू-एट. ती आईबापांकडून येतात. पण नुसती जनुकं असणं म्हणजे आजार नव्हे. शंभरातल्या तीस-एक लोकांत ती असतात आणि त्यातले बहुतेक जण जन्मभर गहू पचवतात. मोजक्यांचंच काय बिघडतं, ते अजून नीट कळलेलं नाही. घरात कुणाला थायरॉईड? लहानपणापासूनचा मधुमेह?"

"आईला थायरॉईड आहे."

"हे आजार पुष्कळदा एकाच घरात फिरतात. एकाला सीलिॲक निघाला की जवळच्या नात्यात तो निघण्याची शक्यता बरीच वाढते. आई, भाऊ, भावाची मुलं असतील तर तीही, सगळ्यांचं रक्त तपासून घ्या."

वर्षभरात महानंदाचं वजन एक्कावन्न झालं. जिने चढताना थांबावं लागेना. आणि ताकदीबरोबर राग आला. इतकी वर्षं अंगात रागवायचंही त्राण नव्हतं, आता होतं. त्या सहा महिन्यांच्या गोळ्या, ते न उचललेले कप, "नखरे करते, जेवत नाही" म्हणून खाल्लेली बोलणी, सगळं तिला एकेक करून आठवायला लागलं. पंजाब-हरियाणा म्हणणाऱ्या डॉक्टरचा नंबर शोधून तिनं त्याला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलली. तो आता निवृत्त झाला होता. त्यानं फोन ठेवून दिला.

त्याच रागात ती भावाच्या घरी गेली.

अभिजीत महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याची बायको अश्लेषा पुण्याची. त्यांची मुलगी ईरा आठ वर्षांची, पण तिला सहा वर्षांच्या मुलीचे कपडे होत. तोंड आलेलं, पुढच्या दातांवर पिवळट डाग, पोट पुढं आणि हात काटकुळे. महानंदाला आरशात बघितल्यासारखं वाटलं.

"हिचं रक्त तपासा," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"अक्का, तिला काही झालेलं नाही," अभिजीत म्हणाला. "मीपण लहानपणी बारीकच होतो."

"तू बारीक नव्हतास. माझ्या ताटातली चपाती तूच खायचास."

अश्लेषा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आमच्या पुण्याच्या डॉक्टरांनी तिचा ग्रोथ चार्ट बघितलाय. काही मुलं उशिरा वाढतात."

"माझेपण डॉक्टरच होते. अडतीस वर्षं."

"म्हणजे मी माझ्या मुलीकडे लक्ष देत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"डोळे आहेत ना तुला? मग काय ते तूच बघ."

चंद्राबाई महानंदाकडेच राहायची. तिला हे कळलं, तेव्हा तिनं लेकीलाच झापलं. "तुझं दुखणं तुझ्यापाशी ठेव की. पोरीला आत्तापासून नाव कशाला ठेवतीस? उद्या लगीन व्हायचंय तिचं."

"आठ वर्षांची आहे ती, आई."

"तूबी एकदा आठ वर्षांचीच हुतीस," चंद्राबाई म्हणाली. त्यावर महानंदा उठून बाहेर गेली. आईनं स्वतःचं रक्त द्यायलाही साफ नकार दिला.

नोव्हेंबरात ईराचा वाढदिवस झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती, अश्लेषाच्या ऑफिसमधलीही. ईरा केकचा दुसरा तुकडा घेऊन निघाली होती. महानंदा पुढं झाली आणि तिच्या हातातली बशी काढून घेतली.

"हे विष आहे तिला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

ईरा रडायला लागली. अश्लेषा जवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बशी द्या तिला."

"नाही देणार."

"मी आई आहे तिची."

"मग आईसारखं बघ तिच्याकडे."

अश्लेषानं बशी हिसकावली, केक जमिनीवर पडला. त्या दिवसापासून महानंदाला त्या घराचं दार बंद झालं. अभिजीत आईला भेटायला बसवनगुडीला यायचा, तेव्हा बहिणीशी हवापाण्याचं बोलून निघून जायचा.

जानेवारीत अश्लेषाच्या वडिलांना पुण्यात हृदयविकाराचा झटका आला. दोघांना त्याच दिवशी निघावं लागलं. ईराची परीक्षा होती. दुसरा काही इलाज नव्हता म्हणून तिला आजीजवळ, म्हणजे महानंदाच्याच घरी ठेवावं लागलं. दारातच अश्लेषानं बजावलं, "आजाराचा विषय काढायचा नाही. तिला हवं ते खाऊ द्यायचं. कबूल?"

"सरी, ठीक आहे," महानंदा म्हणाली.

दोन दिवस तिनं शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ईरानं टोस्ट खाल्ला आणि अर्ध्या तासात पोट धरून जमिनीवर वाकडी झाली. चंद्राबाई देवळात गेली होती. महानंदानं पोरीचं तोंड पुसलं, तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि पिशवीतून सुई, नळी, कापूस काढला.

"काय करतेस, आत्या?"

"थोडं रक्त घेते. पोट का दुखतं ते बघायला."

"आईला माहीत आहे?"

महानंदा पट्टी बांधता बांधता थांबली. "हो," ती म्हणाली. "तिनंच सांगितलंय."

ईरानं हात पुढं केला. तिची शीर धाग्याएवढी होती, पण पहिल्याच टोचणीत सापडली. तीन मिलीलीटर. पोरगी रडली नाही. केंद्रात जाऊन महानंदानं ईराच्या नावानं अर्ज भरला आणि कुणी तपासणी सुचवली त्या रकान्यात डॉक्टर रघुपतींचं नाव घातलं.

सोमवारी निकाल आला. वीसपर्यंतचा आकडा ठीक असतो. ईराचा दोनशेच्या वर होता. त्यापुढं यंत्र मोजत नव्हतं. तो पाहून महानंदाला पहिल्यांदा जे वाटलं, ती भीती नव्हती. तो आनंद होता. आपण बरोबर निघालो याचा. भीती नंतर आली. रिपोर्टचा फोटो काढून तिनं अभिजीतला पाठवला आणि खाली लिहिलं: "मी सांगत होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं विमानतळावरून थेट बसवनगुडीला आली. ईरानं फोनवर सगळं सांगितलं होतं. अश्लेषानं चपलाही काढल्या नाहीत. तिनं ईराची बाही वर केली, कोपरावरचा हिरवा-निळा डाग बघितला आणि मग महानंदाकडे वळली.

"तुम्ही माझ्या मुलीला सुई टोचलीत."

"रिपोर्ट वाच."

"माझे बाबा आयसीयूत होते. मी तिथे बाहेर बाकावर बसले होते. आणि तुम्ही इथे माझ्या मुलीला सांगितलंत, आईनंच सांगितलंय म्हणून?"

"तिचं आतडं झडत चाललंय आणि तू मला रीतभात शिकवतेस?"

"अक्का," अभिजीत म्हणाला, "तिला खोटं का सांगितलंस?"

"खरं दोनदा सांगून झालं होतं."

चंद्राबाई आतल्या खोलीत गेली आणि पिशवीत लुगडी भरून बाहेर आली. "लेकराला फसवून सुई टोचणाऱ्या घरात मला ऱ्हायाचं न्हाई," ती म्हणाली आणि सुनेच्या मागोमाग गाडीत जाऊन बसली. ईरा खिडकीतून बघत होती. कुणी कुणाला हात हलवला नाही.

अश्लेषानं केंद्राला ईमेल केली. अल्पवयीन मुलीचं रक्त, पालकांची संमती नाही, डॉक्टरांची चिठ्ठी नाही. व्यवस्थापक शिवकुमार तसा सरळ माणूस होता. त्यानं महानंदाला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा डॉक्टर रघुपती आधीच तिथं होते.

"माझं नाव कुणाला विचारून लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होता, सगळ्यांचं रक्त तपासा."

"तपासा म्हणालो होतो. चोरून काढा असं कोण म्हणालं होतं? उद्या त्या मुलीला काही झालं असतं, तर कागदावर मी होतो."

"आकडा बघितलात का तुम्ही?"

"बघितला. तिला आजार असणार, मला शंका नाही. तिच्या आईबापांना माझ्याकडे पाठवा. पण तुमच्या हाती मी पुन्हा पेशंट पाठवणार नाही."

शिवकुमारनं राजीनाम्याचा कागद पुढं सरकवला. बावीस वर्षांचा निरोप दहा मिनिटांत उरकला. रांगेतली माणसं बारीक बाईंना विचारत राहिली असतील, पण तिला फोन करून कुणी बोलावलं नाही.

अभिजीत आणि अश्लेषा रघुपतींकडे गेले नाहीत. जिनं असं केलं तिच्या डॉक्टरकडे कशाला जायचं, असं अश्लेषाला वाटलं. त्याऐवजी त्यांनी एका कंपनीकडून तिघांची जनुक-तपासणी मागवली. घरबसल्या लाळ द्यायची, महिनाभरात निकाल. अभिजीतमध्ये डीक्यू-टू निघालं. ईरामध्येही. आणि अश्लेषामध्येही. अश्लेषाच्या ओळखीतल्या एका डॉक्टरनं सांगितलं, हे जनुक तर तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत असतं, त्याचं काही मनावर घेऊ नका. ते वाक्य खरं होतं. त्या वाक्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता.

महानंदाला मेसेज आला: "ते जनुक माझ्यातही आहे. मी रोज पोळी खाते आणि ठणठणीत आहे. तुमच्या रक्तातल्या आजाराचा विषय इथे संपला."

तिनं घाईघाईनं उत्तर लिहिलं. जनुकावरून आजार कळत नाही, जनुक नसेल तर आजार नाही एवढंच त्यावरून कळतं. अँटिबॉडी पुन्हा तपासा, दुसऱ्या लॅबमध्ये तपासा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मेसेज पोचलाच नाही. अश्लेषानं तिचा नंबर ब्लॉक केला होता.

मग ती महादेवपुऱ्याला अभिजीतच्या ऑफिसच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र होतं, चेहरा उतरलेला.

"इथं का आलीस?"

"घरी येऊ देत नाहीस म्हणून. जनुकाचा कागद फाडून टाक. पोरीचं रक्त परत तपास."

"समज तुझा आकडा खरा निघाला," तो म्हणाला. "म्हणजे आठ वर्षं अश्लेषा तिच्यामागं पोळीचे घास घेऊन फिरली, ते विष होतं. तूच म्हणालीस ना, विष? हे मी तिला कसं सांगू?"

"नको सांगूस. मला जसं कुणी सांगितलं नाही, तसं पोरीलाही राहू दे."

"तुझ्याशी बोलायची सोय नाही, अक्का. कधीच नव्हती," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

पुढचे महिने महानंदानं एकटीनं काढले. ज्वारी निवडावी, भाकरी थापावी, एकटीनं खावी. हेब्बाळच्या एका लहान केंद्रात तिला घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचं काम मिळालं. पहाटे स्कूटर काढायची, इमारतींच्या फाटकांवर नाव लिहायचं, अनोळखी बिछान्यांशी वाकायचं. आता लहान मुलाचं रक्त घ्यायचं असलं की ती आधी आईकडून कागदावर सही घ्यायची. केंद्राचा तसा नियम नव्हता. आया वैतागायच्या.

ऑगस्टात ईरा शाळेच्या पायऱ्यांवरून पडली. दोनच पायऱ्या होत्या. हाताची दोन्ही हाडं मोडली. हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं, "ही हाडं नऊ वर्षांच्या मुलीची आहेत का?" ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच, रक्त सातवर आलेलं. त्यानं तिला मुलांच्या पोटविकारतज्ज्ञाकडं पाठवलं. अँटिबॉडीचा आकडा पुन्हा दोनशेच्या वर निघाला. दुर्बिणीनं पाहिलं तर आतड्याची लव सपाट झालेली.

चंद्राबाईनं फोन केला. "तू म्हणलीस तेच निघालं," ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. महानंदा स्कूटर घेऊन थेट हॉस्पिटलला गेली.

खोलीबाहेर अश्लेषा उभी होती. तिनं दारावरचा हात काढला नाही.

"तुमचा रिपोर्ट बरोबर होता," ती म्हणाली. "मला कळलंय. सात महिने मी तो बाजूला ठेवला आणि तिला पोळ्या घालत राहिले, हेही कळलंय. ते माझं मी बघेन. पण तुम्ही केलंत ते बरोबर नव्हतं. आजही नाही."

"तपासणी केली त्याची मी माफी मागणार नाही."

"मागू नका."

"मला बघू दे तिला."

"नाही." अश्लेषा म्हणाली. "एकदा, फक्त एकदा तुम्ही मला बाजूला घेऊन नीट सांगितलं असतंत ना, की अश्लेषा, मला भीती वाटते, मी हे सगळं भोगलंय... मी त्याच दिवशी गेले असते. तुम्ही दरवेळी मला आरोपीसारखं उभं केलंत."

महानंदानं दोनदा सांगितलं होतं हे खरं. दोन्ही वेळा ती कुणाशी बोलत होती, ते तिला त्या व्हरांड्यात कळलं. त्या हसणाऱ्या डॉक्टरशी, चहा न घेता उठलेल्या पाहुण्यांशी. ऐकायला मात्र समोर ही होती. पण हे तिनं अश्लेषाला सांगितलं नाही. आलेली तशीच ती परत गेली, आणि तिला आपल्यावर अन्याय झाल्याचंही वाटत राहिलं.

अभिजीत-अश्लेषाचं रक्त तपासलं, दोघांतही आजार निघाला नाही. ईरासाठी त्या घरातून गहू पूर्ण गेला. तव्यापासून डब्यापर्यंत सगळं नवीन आलं. चंद्राबाई नातीसाठी पुन्हा भाकऱ्या थापायला लागली, पण स्वतःचं रक्त द्यायला ती अजून तयार नाही. "ह्या वयात आणि काय काढायचंय माझ्यातनं?" म्हणते.

दोन वर्षांत ईरा सोळा सेंटिमीटर वाढली. हे महानंदाला अभिजीतकडून कळलं. तो आता महिन्यातून एकदा फोन करतो, पण तिला घरी बोलावत नाही. प्रत्यक्ष ती तिला दिसली चंद्राबाईच्या पंचाहत्तरीला, बसवनगुडीतल्या एका लहानशा हॉलमध्ये. महानंदा लांब कोपऱ्यात बसली होती. उंच झालेली, गालावर रंग आलेली मुलगी स्वतःहून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आत्या, मला काय झालंय ते तुला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, असं बाबा म्हणतात."

"हो."

"पण आईनं सांगितलंय असं तू मला म्हणालीस. आईनं सांगितलंच नव्हतं." ईरा तिच्याकडे रोखून बघत होती. "आता कुणी सुई घेऊन आलं ना, की मी आधी आईला विचारते. नर्सनं सांगितलं तरी. आई शेजारी उभी असली तरी विचारते."

महानंदानं आधी आईकडं, मग भावाकडं नजर टाकली. कुणाचंही लक्ष नव्हतं. "मी खोटं बोलले तुझ्याशी," ती म्हणाली. "ते चुकलं माझं."

"हो, चुकलं," ईरा म्हणाली आणि वळून नात्यातल्या मुलांत जाऊन बसली.

अश्लेषा त्या दिवशी महानंदाशी एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, महानंदाच्या फोनवर तिच्या नंबरावरून एक फोटो आला. हिंगाची डबी. खाली एकच शब्द: "चालेल?"

महानंदा हेब्बाळच्या एका इमारतीच्या जिन्यात होती. तिनं फोटो मोठा करून बारीक अक्षरं वाचली आणि लिहिलं: "नाही. यात गव्हाचं पीठ आहे. शुद्ध खडा हिंग घे, तोही डबीवर वाचून."

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी फोटो येतो. सॉस, मसाल्याची पाकिटं, खोकल्याचं औषध, शाळेच्या सहलीच्या जेवणाची यादी. नमस्कार नाही, कशा आहात नाही. महानंदा हातातलं काम संपवून, चष्मा लावून प्रत्येक अक्षर वाचते आणि हो किंवा नाही कळवते. एकदा तिनं पुढं लिहिलं, "ईरा कशी आहे?" अश्लेषानं ते वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा फोटो आला. मक्याचेच होते, पण घटकांच्या यादीत तळाशी बार्लीचं माल्ट होतं. महानंदानं "नको" लिहून पाठवलं आणि स्कूटर सुरू केली.